दिवसाआड हुडहुडी

१

आमच्या गावात हिवताप नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही गावाला नावं ठेवाल आणि ते मी खपवून घेणार नाही. साल्विन नदीच्या दोन्ही काठांना, वर डोंगरात, कुठंही विचारा, तापाशिवायचं गाव कुठलं? लोक आमच्याकडे बोट दाखवतील. पाच पावसाळे झाले, एकाच्याही रक्तात तो सापडलेला नाही. खालच्या खोऱ्यातली माणसं पोरी आमच्याकडे द्यायला धडपडतात. म्हणतात, बाकी काही नसलं तरी तिथं नातवंडं जगतील.

आणि हे काही आभाळातून पडलेलं नाही. गावानं केलंय, आणि गावाच्या मानगुटीवर बसून मी करून घेतलंय. जंगलातून जो परत येतो, त्यानं आधी माझी शिडी चढायची, मग स्वतःच्या घराची. माझ्या पडवीत बसायचं, बोट पुढं करायचं. सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा आणि पान चघळत वाट बघायची. एक रेघ उमटली की जा घरी. दोन उमटल्या, तर माझ्यासमोर गोळ्या गिळायच्या आणि आ करून जीभ उचलून दाखवायची. त्याशिवाय मी कोणाला शिडी उतरू देत नाही.

"रानडुकराला भाल्यानं लोळवतोस आणि सुईला घाबरतोस होय रे?" असं म्हटलं की भले भले गडी मुकाट्यानं बोट पुढं करतात.

दुसरा नियम मच्छरदाण्यांचा. रात्री प्रत्येकानं आत झोपायचं. सकाळी गाठ मारून मच्छरदाणी वाशावर टाकायची. दिवसा जिथं मच्छरदाणी खाली सोडलेली दिसेल तिथं कुणीतरी आजारी आहे, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. म्हणून उन्हं वर आली की मी गावातून एक फेरी मारते, मान वर करून घराघरात डोकावते. सगळ्या गाठी वाशांवर दिसल्या की माझी छाती फुगते. फुगते तर फुगू दे.

माझ्या घरात आम्ही तिघं. मी, माझा मुलगा एह डो आणि त्याची बायको मूसे. मूसेला सातवा महिना लागलेला, पहिलंच. पहिलटकरणीला हा ताप धरतो तेव्हा काय होतं ते मी या हातांनी पाहिलंय. पोर पोटातच सुकतं, आणि बरेचदा आईही जाते. त्यामुळे सुनेवर माझा पहारा होता. संध्याकाळ झाली की तिला ओरडून मच्छरदाणीत पाठवायची.

"मो, अजून तर कोंबड्यासुद्धा झाडावर चढल्या नाहीत," ती म्हणायची. मो म्हणजे आई.

"कोंबड्यांच्या पोटात माझं नातवंड नाही," मी म्हणायची.

गाव मला सा पॉ मो म्हणतं. सा पॉची आई. आमच्यात पहिलं मूल झालं की आईबापाचं स्वतःचं नाव बाजूला पडतं, लेकराच्या नावानंच हाका मारतात. सा पॉ माझी थोरली. एह डोच्या आधीची. दुधाचे दात पडायच्या वयात हिवतापानं गेली. तेव्हा ना पट्टी होती, ना गोळी, ना मच्छरदाणी. दिवसाआड दुपारी तिला हुडहुडी भरायची, आणि मी तिला पोटाशी घेऊन पडून राहायची. माझ्याजवळ दुसरं होतं काय? ती गेली, पण नाव माझ्याकडे राहिलं. ओढ्यावर, शेतात, बाजारात, दिवसातून कितीदा तरी लोक तिच्या नावानं मला हाक मारतात. मला ते आवडतं.

२

डोंगरापलीकडे लाकूडतोड्यांचा तळ आहे. तिथं ताप नुसता पिकतो. मी तिथं पट्ट्या आणि गोळ्या घेऊन गेले आणि दोन रात्री राहिले. परत आल्यावर सगळ्यांसमोर स्वतःचं बोट टोचलं. नियम मलाही आहे. एकच रेघ.

मग राहिली जीव बोलावण्याची गोष्ट. जंगलात रात्र काढलेल्या माणसाचा जीव मागं रेंगाळतो. त्याला शिडीपाशी उभं राहून हाक मारायची, काठीनं पायरी वाजवायची. केळीच्या पानावर भाताचा गोळा, उकडलेलं अंडं, एक केळं ठेवायचं. भातावर मुंगी, कोळी, असं काहीतरी येऊन बसलं की जीव आला. तो भात तसाच पानात गुंडाळून त्या माणसाच्या उशाशी ठेवायचा, मनगटाला पांढरा दोरा बांधायचा. गोळ्या देणारी बाई हे कसं मानते, असं औषधं पाठवणारी मंडळी मला विचारतात. मी म्हणते, गोळी अंगासाठी आणि हाक जिवासाठी. यात भांडण कुठं आलं?

आमच्याकडे हाक मारतात ते फू टामला. फू म्हणजे आजोबा, आणि ते साऱ्या गावाचे आजोबा. पण ते लेकीकडं गेले होते.

"मी मारते ना हाक," मूसे म्हणाली. "माहेरी मीच मारायची."

सुनेनं हौसेनं आपल्यासाठी जीव बोलवावा, हे कुठल्या सासूला नको असेल? मी ऐटीत पडवीत बसले. मूसे पोट सावरत शिडीपाशी उभी राहिली, काठी वाजवली आणि ओढ्याकडं तोंड करून गोड आवाजात म्हणाली, "प्रूर्र... सा पॉ मो, ये गं. रानात एकटी राहू नकोस. भात गरम आहे. सा पॉ मो, घरी ये."

ओढ्याकडची बेडकं एकाएकी गप्प झाली. मला वाटलं, काठीच्या आवाजानं झाली असतील.

मग भातावर एक डास येऊन बसला.

माझा हात आपोआप वर गेला. मूसेनं तो वरच्या वर धरला. "मो! जीव आहे तुमचा!"

एह डो हसून हसून तट्टीला टेकला. "जन्मभर डास मारले, आणि हिचा जीव बघा कसला निघाला! मो, तू म्हातारी होऊन गेलीस की आम्ही तुला टाळी वाजवून मारायचं का?"

मीही हसले. डास मात्र उडाला नाही. मूसेनं हलक्या हातानं पान गुंडाळलं तरी तो भातावरच बसून होता. माझी मच्छरदाणी औषधात बुडवून सावलीत वाळत टाकली होती, म्हणून त्या रात्री मी पाहुण्यांच्या मच्छरदाणीत झोपणार होते. ती मागच्या कोपऱ्यात टांगलेली असते. एके काळी तिथं सा पॉ झोपायची. मूसेनं पान तिथं उशाशी ठेवलं.

सकाळी पानात भात होता, डास नव्हता. मनगटाला पांढरा दोरा बांधून मी फेरीला निघाले.

३

थोड्या दिवसांनंतरची दुपार. एह डो शेतात. मूसे घराखाली साळ कांडत होती, पायाच्या उखळाचा धपधप आवाज येत होता. मी ओढ्यावरून पाणी घेऊन वर आले आणि जागीच थबकले. मागच्या कोपऱ्यातली मच्छरदाणी खाली सोडलेली होती.

"मूसे! दिवसाढवळ्या लोळतेस? गावाला शिकवायचं मी आणि माझ्याच घरात हे?"

खालून आवाज आला, "मी कुठं लोळतेय? सकाळपासून पाय मोडेस्तोवर कांडतेय, मो!"

असेल, गाठ सुटली असेल. मी पुन्हा घट्ट गाठ मारली आणि मच्छरदाणी वाशावर टाकली. दुसऱ्या दिवशी ती जागेवर होती. तिसऱ्या दिवशी दुपारी परत खाली.

या खेपेला मी वाकून पाहिलं. कडा चटईखाली नीट खोचलेल्या होत्या. आणि आतून खोचल्या होत्या. बाहेरून खोचलेली कड आणि आतून खोचलेली कड यातला फरक मला झोपेतही सांगता येईल. गावभर पोराबाळांना तेच शिकवत हिंडले आहे मी. आतून खोचणाऱ्याच्या बोटांनी कापड आतल्या बाजूला ओढलं जातं, चुण्या आत पडतात. या चुण्या आत होत्या, आणि बारीक होत्या. माझ्या बोटांच्या नव्हत्या.

कड उपसून मी आत हात घातला. चटई ओली होती. नाकाशी हात नेला तर घामाचा वास. हा वास मी हजार माणसांच्या अंगावर घेतलाय. हुडहुडी येऊन गेली, ताप चढला, मग घाम फुटून उतरला, की माणसाला हाच वास येतो.

मूसेला मी काही बोलले नाही. पोटुशीला असलं काही सांगतात का?

४

मग मी पाळत ठेवली. मी घाबरट नाही. तळावर दारू पिऊन कोयता घेऊन अंगावर आलेल्या गड्याचंही मी बोट टोचलंय.

तापाच्या पुढच्या पाळीच्या दुपारी कोपऱ्यासमोर सुपारी कातरत बसले. मच्छरदाणी वाशावर होती. खाली उखळाची धपधप थांबली, म्हणजे मूसे पाणी प्यायला गेली असणार. मी अडकित्ता खाली ठेवायला मान वळवली, परत पाहिलं, आणि निळी मच्छरदाणी चटईवर उतरलेली. नुकतीच उतरलेली. अजून हलत होती.

नंतर आवाज सुरू झाला. बांबूच्या कांबी थरथरत होत्या. आधी हळू, मग जोरात. आमच्या घराची जमीन कांबींचीच असते. माणूस कुशीवर वळला तरी घरभर कळतं. मी स्वतःला म्हटलं, डुकरीण खांबाला पाठ घासत असेल. फटीतून खाली पाहिलं. डुकरीण पार लांब फणसाखाली पसरली होती. मग म्हटलं, उंदीर. पण उंदराचे दात असे वाजत नाहीत. बारीक, भराभर, थांबवू म्हटलं तरी न थांबणारे.

तो आवाज किती वेळ चालला ते मला सांगता येणार नाही. थांबला तेव्हा मी जवळ सरकले आणि मच्छरदाणीजवळ तळहात नेला. चुलीजवळ लागते तशी ऊब लागली. आत कुणी दिसत नव्हतं. चटई मात्र मध्ये दबलेली होती, लहान जागेत.

आधी थंडी, मग ताप, मग घाम. दिवसाआड. हा क्रम मला कुणी शिकवायला नको. माझ्या घरात, तापाशिवायच्या गावातल्या माझ्या घरात, कुणाला तरी हिवताप होता. त्याचं बोट मला धरता येत नव्हतं, आणि चार हातांवर माझी सून झोपत होती. आजारी माणसाला चावलेला एक डास पुरतो. एकच.

त्या रात्री मूसेच्या मच्छरदाणीची कड मी इतक्यांदा तपासली की एह डो आतून म्हणाला, "मो, तूच ये आता आत. आम्ही बाहेर झोपतो."

५

फू टामला परत आले त्याच सकाळी मी त्यांना गाठलं. ते पडवीत पान लावत बसले होते. मी सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं.

"हाक कुणी मारली होती?" त्यांनी विचारलं.

"मूसेनं."

"कुठल्या नावानं?"

"सगळे मारतात त्याच. सा पॉ मो."

फूंचं चघळणं थांबलं. "अगं वेडे, जीव जन्मनावानं बोलावतात. त्या पोरीला तुझं जन्मनाव ठाऊक आहे का?"

नव्हतं. एह डोलाही नाही. गावात ते आता फक्त फूंना ठाऊक आहे. तुम्हालाही मी ते सांगणार नाही.

"रानाच्या तोंडाशी उभं राहून लेकराच्या नावानं आईला बोलावलं," फू म्हणाले. "आई उठून चालायला लागेपर्यंत पोर धावत पुढं येतं. सगळ्या पोरांचं असंच असतं."

त्यांची कोंबडी पडवीत येऊन सांडलेला चुना टोचत राहिली, तिला कुणी हाकललं नाही.

"घाबरू नकोस," फू म्हणाले. "राख टाकू, ढोल वाजवू, ओढ्यापलीकडं पोचवून देऊ. आजच."

"ती आजारी आहे, फू."

"ती मेलीय, पोरी."

"आजारी आहे. मी स्वतः पाहिलंय. आजारी माणसाला माझ्या शिडीवरून खाली उतरू दिलंय का मी कधी?"

"आणि सून? तिच्या पोटातलं?"

मूसेला माहेरी पाठवावं तर त्या खोऱ्यात घरटी ताप. तिथून वाचायलाच तर तिच्या बापानं ती आमच्याकडे दिली. फूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "काय करणार मग? तिला काय गोळी देणार? तोंड कुठं आहे गिळायला?"

त्यांनी वैतागून विचारलं होतं. पण परत येताना रस्ताभर तेच माझ्या डोक्यात घोळत राहिलं. तोंड नाही, रक्त नाही. अंगातला ताप मी मारू शकते, या अख्ख्या मुलखात माझ्यासारखा तो कुणी मारलेला नाही. बिनअंगाच्या तापाचं मी काय करू?

ओढ्याकाठानं चालता चालता उत्तर सापडलं. अंग द्यायचं.

६

पाळीच्या दिवशी मी एह डोला सांगितलं, "बायकोला घेऊन शेतावर जा. तिथंच जेवा."

"आज काय विशेष?"

"मला माझ्या घरात घटकाभर शांतता पाहिजे. जा म्हटलं ना!"

ते गेले. मी अंग धुतलं, लाल चोळी घातली, केस बांधले. मागच्या कोपऱ्यातली मच्छरदाणी अजून वर होती. मी स्वतःच ती खाली सोडली, आत शिरले, आणि कडा खोचल्या. आतून. तट्टीकडं पाठ करून कुशीवर पडले. माझ्या पाठीमागं मी जागा ठेवली होती.

बाहेर लख्ख ऊन होतं. निळ्या जाळीतून चूल दिसत होती, सूप दिसत होतं, माझे पाण्याचे भोपळे दिसत होते. मी मनात म्हणत होते, काही होणार नाही, बाई. तू लाकूडतोड्यांच्या तळावरून ताप घेऊन आली आहेस आणि तो डोक्यात चढतोय. पट्टीवर उशिरा दिसतो कधीकधी. उद्या बोट टोच. असंच म्हणत होते, तेवढ्यात पाठीमागची कांब दबली.

आधी एक, मग दुसरी. हलक्या वजनानं.

मग माझ्या कमरेला दोन गुडघे टेकले. बर्फासारखे गार. आणि थरथर सुरू झाली. ती माझ्या हाडांतून जात होती. दात माझ्या मानेमागं वाजत होते. मी वळले नाही. वळायला हवं होतं असं आज वाटतं, आणि नाही वळले तेच बरं केलं असंही वाटतं. पण मान खाली गेली तेव्हा माझ्या मांडीशी एक पांढरी किनार दिसली. लग्नाआधी आमच्या पोरी पांढरा झगा घालतात. किनारीला लाल दोऱ्याचा एक चुकलेला टाका होता. तो टाका माझा होता. तिच्या शेवटच्या झग्याचा, जो तिच्याबरोबरच गेला.

मी म्हणाले, "सा पॉ, सगळा मला दे. माझं अंग मोठं आहे. मला सोसतो."

थरथर थांबली नाही. कानापाशी गुणगुण झाली. तो डास फिरत फिरत आला आणि माझ्या मनगटावर, पांढऱ्या दोऱ्याच्या जरा वर, बसला. हा माझा हात आयुष्यात कधी डासासमोर गप्प राहिलेला नाही. त्या दिवशी मी तो हलू दिला नाही. डास पोट भरेपर्यंत बसला. लाल झाला, जड झाला.

त्या वेळी एक छोटा हात माझ्या पोटावरून पुढं आला आणि चोळीला घट्ट धरून राहिला. ती आजारपणात धरायची तसाच. हाताकडं मी पाहिलं. जेवढं पाहिलं तेवढं पुरे झालं. डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा ऊन कलंडलं होतं, चटई कोरडी होती, आणि मनगटावरचा डास दोऱ्याच्या खाली मरून पडला होता.

७

मला थंडी वाजली ती पुढच्या आठवड्यात, भर दुपारी. दात वाजायला लागले तशी मी पडवीत जाऊन बसले आणि सगळ्यांसमोर स्वतःचं बोट टोचलं. रेघ उमटली. मग दुसरीही उमटली.

मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. पाय लटपटत होते, आवाज नाही. "ऐका! गावात ताप आहे. माझ्या अंगात आहे. आजपासून मी मच्छरदाणीत, आणि कडा कुणी ना कुणी रोज तपासायच्या. मी सांगितलं म्हणून सोडायचं नाही!"

कुणी हसलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. माझ्याच शिकवणीतली माणसं ती. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाची बोटं टोचून झाली होती, एह डोनं टोचली, आणि सगळ्या पट्ट्यांवर एकेक रेघ. मूसेच्याही. पडल्या पडल्या ते ऐकून मला रडू आलं. एवढ्या वर्षांत मी घडवलं होतं ते माझ्याशिवायही उभं होतं.

"तळावरून आणलास ताप, सा पॉ मो," लोक म्हणाले. असेल. मलाही तेच म्हणायला आवडलं असतं.

पहिल्या गोळ्या मी फू टामलांसमोर गिळल्या. हा ताप बरा झाला म्हणताना पोटात लपून बसतो आणि महिन्यांनी परत येतो, म्हणून त्याला मुळासकट काढणाऱ्या पुढच्या गोळ्याही घेतल्या. एकही चुकवली नाही. एह डो रोज समोर उकिडवा बसायचा. "आ कर. जीभ उचल. अजून वर. रानडुकराला घाबरत नाहीस आणि गोळीला घाबरतेस होय गं?"

"मेल्या, बरी झाले की बघते तुला," मी म्हणायची.

पहिल्या दोन पाळ्या मी कुडकुडत काढल्या. तिसरी आली नाही. त्या दुपारी मी मागच्या कोपऱ्याकडं डोळे लावून पडले होते. मच्छरदाणी वाशावर होती, आणि तिथंच राहिली. कांबी वाजल्या नाहीत. पुढच्या पाळीलाही नाही. गोळ्या संपल्यावर पट्टी घेतली. एकच रेघ. जिच्यासाठी तेव्हा मला एक गोळी मिळाली नव्हती, तिचा ताप मी उतरवला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण अभिमानानं माझी छाती भरून आली होती.

काल दुपारी मी पडवीला टेकून बसले होते. मूसे शेजारी बाळासाठी कापड विणत होती. तिचे दिवस आता अगदी भरत आलेत. वारा पडला होता. डुकरीण झोपली होती.

घरात कांबी वाजल्या.

थरथर नव्हती ही. धावणं होतं. हलकं, अनवाणी, मागच्या कोपऱ्यापासून चुलीपर्यंत, चुलीपासून परत. ताप उतरल्यावर कुठलं मूल अंथरुणात राहतं? थोडं थांबून पावलं पुन्हा निघाली, या वेळी आमच्या दिशेनं, आणि दाराच्या आत, मूसेच्या पाठीशी, येऊन थांबली.

मूसेचे हात मागावर थिजले. दुसऱ्याच क्षणी एक हात पोटावर गेला. तिनं मान वळवली नाही. ओठ पांढरे पडले होते.

"मो," ती हळूच म्हणाली, "आत कोण धावतंय?"

मी आत पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"माझी थोरली," मी म्हणाले. "बरी झाली."